‘हार्दिक’चा रफार पुन्हा अडकला: जाड तिरप्या मराठी अक्षरांची दुरुस्ती

सप्टेंबर लागला की माझ्या फोनवर एकाच जातीचे फोटो यायला लागतात. कुणी सेलूहून पाठवतं, कुणी जिंतूरहून, कुणी इथलंच स्टेशन रोडवरचं. गणपती आणि १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन एकमेकांना चिकटून येतात, दुकानात श्वास घ्यायला सवड नसते, आणि फोटोखाली ओळ ठरलेली: “भाऊ, हे कामून असं होऊ लागलंय?”

फोटोत काय असतं ते न बघताही सांगतो. लाल-पिवळं, जाड, उजवीकडे झुकलेलं ‘हार्दिक शुभेच्छा’. ‘हार्दिक’चा रफार वेलांटीत अडकून दोन्हीचा एकच गोळा झालेला. शिरोरेषेला जागोजागी काप. ‘छ’चं पोट बुजलेलं. आणि ओळीतल्या शेवटच्या अक्षराचं डोकं उजवीकडून कापलेलं.

परभणीत फ्लेक्स आणि डीटीपीचं काम करताना हे सगळे प्रकार माझ्या हातून आधी झालेत. गिऱ्हाइकाला “अक्षर पळाल्यावानी दिसलं पाहिजे” असं हवं असतं, आपण घाईत तिरप्या ‘आय’चं, म्हणजे इटॅलिकचं (तिरप्या अक्षराचं) बटण दाबतो, आणि फ्लेक्स मशीनमधून बाहेर आल्यावर दिसतं की अक्षर पळालं नाही, घसरून पडलंय. दरवेळी प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आधी हे बघा: फाँटात इटॅलिक आहे का?

दहातल्या आठ तक्रारी इथेच संपतात, म्हणून बाकी काही वाचायच्या आधी हे तपासा. विंडोजच्या फाँट फोल्डरमध्ये जाऊन त्या फाँटावर डबल क्लिक करा आणि आत कोणकोणत्या शैली आहेत ते मोजा. ‘बोल्ड इटॅलिक’ असं स्वतंत्र नाव दिसलं तर ठीक. नसेल तर तुम्ही बटण दाबल्यावर जे दिसतं ते इटॅलिक नव्हे, सॉफ्टवेअरने सरळ अक्षराला दिलेला धक्का आहे.

देवनागरीत हे नाव बहुतेक वेळा नसतंच. विंडोजसोबत येणाऱ्या ‘मंगल’मध्ये इटॅलिक नाही, ‘निर्मला यूआय’मध्ये नाही. आपण सगळे रोज वापरतो त्या ‘मुक्त’मध्ये सात वजनं (बारीक ते जाड अशा पायऱ्या) आहेत, पण तिरपं एकही नाही. ‘बालू’तही नाही. हा कुणाचा आळस नाही. रोमन लिपीत इटॅलिक हे मुळात वेगळं हस्ताक्षर होतं. व्हेनिसमध्ये १५०१ साली आल्डस मनुटियसने ते पहिल्यांदा अख्ख्या पुस्तकासाठी वापरलं, आणि आजही त्यात ‘ए’सारख्या अक्षराचं रूपच बदलतं. देवनागरीत सरळ आणि तिरपं अशी दोन वेगळी वळणं छापखान्याने फारशी मानली नाहीत. जोर द्यायचा तर ठळक करा किंवा आकार वाढवा, एवढीच रीत. आपल्याकडे तिरपं जाड अक्षर आलं ते पेंटरच्या ब्रशातून, त्याच्याबद्दल खाली लिहितो.

खरं इटॅलिक असलेला आणि फुकट मिळणारा देवनागरी फाँट म्हणून मी ‘पॉपिन्स’ सांगतो. नऊ वजनं, प्रत्येकाला इटॅलिक, आणि ते देवनागरीलाही लागू. अक्षर जरा भूमितीच्या वहीतलं वाटतं, लग्नाच्या बॅनरला शोभत नाही, पण कोचिंग क्लासच्या आणि मोबाइल शॉपीच्या कामाला झकास.

आता एक गंमत. दरवर्षी दोन-तीन जण तरी ‘श्रीखंड’ नावाचा फाँट उतरवून घेतात. नमुना बघून मोह पडतोच: जाड, झुकलेलं, गुबगुबीत, बॅनरसाठीच जन्मलेलं अक्षर. नाव मराठी वाटतं म्हणून मराठी टाइप करतात आणि समोर येतात चौकोन, नाहीतर साधं मंगल. कारण जॉनी पिनहॉर्नचा हा फाँट गुजराती आणि रोमन लिपीसाठी आहे, त्यात देवनागरी नाहीच. तो गुजरातीत का जमला हेही बघण्यासारखं आहे. गुजरातीला शिरोरेषा नाही. डोक्यावरची आडवी दांडी नसली की अक्षर मोकळेपणाने झुकतं. आपली अडचण बरोबर त्या दांडीत आहे.

याच ‘श्रीखंड’ची दुसरी तक्रार: “इंग्रजी नाव टाकलं तर फारच आडवं झालं.” त्यात एकच शैली आहे, ती आधीच झुकलेली, पण फाइलमध्ये तिचं नाव ‘रेग्युलर’. वर्डमध्ये तुम्ही ‘आय’ दाबलं की तो झुकलेल्याला आणखी झुकवतो. ‘कलम’ या हस्ताक्षरी फाँटाचंही तसंच, तो जन्मतः थोडा कललेला आहे. त्याला हात लावू नका.

रफार का अडकतो

खोटं इटॅलिक म्हणजे गणित एवढंच: अक्षराचा जो बिंदू पायाच्या ओळीपासून जितका वर, तितका तो उजवीकडे सरकवायचा. ब्राउझर साधारण १४ अंश झुकवतात. म्हणजे १०० वर असलेला बिंदू २५ पुढे जातो. पायाच्या ओळीखाली असलेला उकार उलट डावीकडे जातो.

हे सगळं एका अखंड चित्राला केलं तर कुणाची जागा चुकणार नाही. पण टाइप केलेला शब्द हे अखंड चित्र नसतं. रफार, अनुस्वार, मात्रा ही फाँटात वेगळी चिन्हं असतात, आणि ती अक्षराच्या डोक्यावर कुठे बसायची हे फाँटातल्या अँकर बिंदूंवरून ठरतं. पुष्कळ सॉफ्टवेअर प्रत्येक चिन्ह सुटं धरून, त्याच्या स्वतःच्या पायापासून झुकवतं. अँकरने रफार १२० युनिट वर उचलला असेल, तर १४ अंशांच्या हिशेबाने तो आणखी ३० युनिट पुढे जायला हवा. ते ३० त्याला कुणी देत नाही. अक्षर पुढे गेलं, रफार मागे राहिला. बारीक अक्षरात ३० युनिट खपून जातात. जाड अक्षरात रफार आणि वेलांटी यांच्यात मोकळी जागाच मुळी तेवढी असते, म्हणून ‘हार्दिक’मध्ये गोळा होतो, ‘मूर्ती’त होतो, ‘कार्यकर्ते’मध्ये तर मात्राही त्यात सामील होते.

उपाय एकच आणि तो सोपा आहे: आधी अक्षरांचं चित्र करा, मग झुकवा. मजकूर सरळ, जाड फाँटात टाइप करा. बटणाला हात लावू नका. मग अक्षरांचं चित्र करा, म्हणजे ती वक्र करा: कोरलड्रॉमध्ये कंट्रोल क्यू, इलस्ट्रेटरमध्ये क्रिएट आउटलाइन्स. आता रफार, वेलांटी, अक्षर सगळं एकत्र निवडून एकदम झुकवा. कुणीही मागे राहत नाही.

पण कंट्रोल क्यू दाबायच्या आधी मजकूर गिऱ्हाइकाला दाखवून घ्या. एकदा वक्र झालं की तुम्ही ‘अध्यक्ष’चा ‘उपाध्यक्ष’ करू शकत नाही. मी एकदा अख्खी कार्यकारिणी दुसऱ्यांदा झुकवलीय.

शिरोरेषेचे काप

दोन वेगळ्या कारणांनी हे होतं आणि लोक ती एकत्र करतात.

पहिलं, अक्षरांमधलं अंतर. शीर्षक फ्लेक्सच्या रुंदीला भरत नाही म्हणून ट्रॅकिंग (हेच अंतर) वाढवलं की शिरोरेषा तुटणारच. देवनागरीत अक्षरं फाकवून जागा भरत नाहीत. आकार वाढवा, किंवा रुंद फाँट घ्या, किंवा शब्दांमधली जागा वाढवा. वेबसाइट करणाऱ्यांनीही तेच: इंग्रजी शीर्षकाला दिलेलं लेटर स्पेसिंग मराठीला शून्य करा.

दुसरं कारण बॉर्डर. जाड तिरप्या अक्षराला पांढरी किनार आणि बाहेर काळी किनार हा तर आपल्याकडचा राष्ट्रीय पोशाख. किनार दिली की प्रत्येक अक्षराला स्वतंत्र मिळते, आणि शिरोरेषा जिथे जुळते तिथे उभी रेघ उमटते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या ओळीत अशा पंधरा तरी रेघा येतात, मोजून बघा. म्हणून वक्र केल्यावर सगळी अक्षरं वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा. वेल्डच, कंबाइन नाही. कंबाइन केलं की जिथे दोन अक्षरं एकमेकांवर चढतात तिथे पांढरं भोक पडतं, आणि मग “भाऊ, शिरोरेषेला टिकल्या लागल्या” असा फोन येतो. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं युनाइट. फोटोशॉपमध्ये लेयर स्टाइलची किनार अख्ख्या लेयरला एकदम लागते, त्यामुळे तिथे हा त्रास नाही.

किनार नेहमी बाहेरच्या बाजूला जाईल असं बघा. कोरलमध्ये आउटलाइन पेनच्या खिडकीत ‘बिहाइंड फिल’ची खूण करा. नाहीतर निम्मी किनार आत शिरते आणि छ, ष, ध, भ यांची पोटं बुजतात. याच कारणासाठी मी झुकवायच्या शीर्षकाला फाँटाचं सगळ्यात जाड वजन घेत नाही, त्याच्या एक पायरी खालचं घेतो. किनार चढल्यावर ते तेवढंच जाड दिसतं आणि पोट मोकळं राहतं. आणि आधीच बोल्ड असलेल्या फाँटावर पुन्हा ‘बी’ दाबायची सवय सोडा. त्याने सॉफ्टवेअर अक्षराला चहूबाजूंनी सूज आणतं, बाकी काही नाही.

किती झुकवायचं

यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

कोरलमध्ये वस्तूवर दोनदा क्लिक करून वरचा मधला बाण ओढला की अक्षर झुकतं. कंट्रोल दाबून ओढलं तर ते १५-१५ अंशांनी अडतं. आपल्या जिल्ह्यातले निम्मे बॅनर बरोबर १५ अंशांवर झुकलेले असतात ते याच कारणाने, कुणी ठरवून १५ घेतलेले नाहीत. आणि काही ३० वर असतात, ते बघवत नाहीत.

१५ अंश इंग्रजीत चालतात, मराठीत का नाही? एक तर आपलं अक्षर उंच. ‘पूर्णा’ हा शब्द घ्या, आपल्या जंक्शनचा. खाली दीर्घ उकार, वर रफार. रोमन कॅपिटल ज्या उंचीत संपतं त्याच्या वर आणि खाली आपला मजकूर चालूच असतो. झुकण्याचा फरक या पूर्ण उंचीवर जमा होतो. दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर पायाच्या ओळीपासून वेलांटीच्या टोकापर्यंत तीन फूट असतील, तर १५ अंशांत ते टोक साडेनऊ इंच पुढे जातं. ९ अंशांत पावणेसहा इंचांच्या आतच राहतं. दुसरं, शिरोरेषा. ती काही केल्या आडवीच राहते. प्रत्येक काना, म्हणजे अक्षराची उभी दांडी, त्या सरळ रेघेला लटकलेला असतो, त्यामुळे डोळ्याला कोन लगेच मोजता येतो. रोमनमध्ये मोजायला अशी पट्टी डोक्यावर नसते.

मला हे गणित येण्याआधी एका जुन्या पेंटरकाकांनी शिकवलं. फ्लेक्स यायच्या आधी ते कापडी बॅनर आणि भिंती रंगवायचे. एकदा दुकानात बसले होते, मी ‘भव्य शेतकरी मेळावा’ झुकवत होतो. बराच वेळ बघून म्हणाले, “पोरा, वितेला दोन बोटं. जास्त नाही.” म्हणजे एक वीत उंच काना असेल तर त्याचं डोकं पायापासून दोन बोटं पुढे. वीत म्हणजे बारा अंगुळं, बारात दोन म्हणजे एक षष्ठांश. नंतर मी कॅल्क्युलेटरवर काढलं, तो कोन साडेनऊ अंशांच्या आसपास येतो. तेव्हापासून स्क्यूच्या, म्हणजे झुकवण्याच्या, चौकटीत मी आकडा टाइप करतो, ओढत नाही. ९ किंवा १०. डावीकडे झुकलं तर वजा चिन्ह बदलून बघा.

काकांची दुसरी गोष्ट मला पटायला वेळ लागला. ते म्हणाले, “काना झुकव, गोल झुकवू नको.” ते भिंतीवर खडूने तिरप्या रेघा मारायचे, काने त्यावर लावायचे, पण ‘ठ’चा, ‘ढ’चा, ‘व’चा गोल हाताने वेगळा काढायचे.

का, ते असं. देवनागरी बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट. त्यामुळे आपल्या अक्षरात वरून उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड असते आणि वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारी बारीक. उजवीकडे झुकवलं की नेमकी उलटी मोडतोड होते. १४ अंशांत, ४५ अंशांवरची जाड रेघ सुमारे १२ टक्के बारीक होते आणि बारीक रेघ सुमारे १३ टक्के जाड. म्हणजे अक्षराचं वळणच पुसलं जातं. ‘र’चा पाय फुगतो, ‘व’चं पोट कलंडलेल्या अंड्यासारखं दिसतं. रोमनमध्येही मोडतोड होते, पण तिथे जाड रेघ आणखी जाड होते, फरक वाढतो, डोळा ते खपवून घेतो. सगळीकडे सारख्या जाडीच्या फाँटात हे कमी जाणवतं, बोरूच्या वळणाच्या फाँटात लगेच. तेव्हा झुकवायचं असेल तर सारख्या जाडीचा फाँट घ्या, ही साधी तोड.

आणि वेळ असेल, दुकानाची पाटी असेल, जी दहा वर्षं टिकायची आहे, तर वेल्ड करून झुकवल्यावर नोड टूल घेऊन गोल भाग सुधारा. ‘ठ’ असेल तर तिरका गोल काढून टाका, सरळ फाँटातला मूळ गोल आणून बसवा, आणि त्याची वरची दांडी तेवढी तिरपी ठेवा. ‘ळ’ला दोन्ही पोटं बघावी लागतात. अर्धा तास जातो. वाढदिवसाच्या बॅनरला हे करू नका, तो परवा उतरणार आहे.

‘शेतकऱ्यांचा’ बिघडतो तेव्हा

खरीपाच्या आधी मेळावे सुरू झाले की ही तक्रार हमखास. नवीन छानसा डिस्प्ले फाँट आणला, ‘शेतकऱ्यांचा’ टाइप केलं, आणि ‘शेतकर्यांचा’ उमटलं. अर्ध्या ‘र’ची ती आडवी पापणी गेली आणि ‘या’वर रफार बसला. हे इटॅलिकचं दुखणं नाही, पण डिस्प्ले फाँटात जास्त दिसतं, म्हणून इथेच सांगतो. आधी टाइप काय केलंय ते बघा. साधा र, हलंत (पाय मोडायची खूण), य टाइप केलं तर रफारच येणार, ते नियमाप्रमाणे बरोबर आहे. पापणी हवी तर नुक्ता असलेला ऱ, म्हणजे युनिकोड ०९३१, मग हलंत, मग य. इतकं करूनही पापणी आली नाही तर फाँटात ती काढलेलीच नाही, फाँट बदला. ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ हे तीन शब्द टाकून बघितल्याशिवाय मी कुठलाही नवा फाँट दुकानात ठेवून घेत नाही.

अक्षरंच सुटी पडत असतील, वेलांटी अक्षराच्या नंतर येत असेल, तर फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत टाइप प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन ‘मिडल इस्टर्न अँड साउथ एशियन’ करा. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा. श्रीलिपीसारख्या जुन्या एन्कोडिंगच्या फाँटांना हे काही लागू नाही, तिथे प्रत्येक चिन्ह तुम्हीच हाताने बसवलेलं असतं.

मराठी ल आणि श हिंदी वळणाचे येत असतील तर मजकुराची भाषा ‘मराठी’ करून बघा. काही फाँटांत दोन्ही रूपं असतात आणि भाषेवरून बदलतात.

स्वतःचा फाँट करताना

गेल्या वर्षापासून रात्री दुकान बंद झाल्यावर फाँटफोर्ज या फाँट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जाड तिरपा फाँट करतोय. पेंटरकाकांच्या हातचं वळण डोळ्यांसमोर ठेवून. कधी पूर्ण होईल देव जाणे. पण त्यात एक चूक महिनाभर सापडत नव्हती, ती या नादाला लागलेल्यांसाठी लिहितो. सगळी अक्षरं साडेनऊ अंश झुकवली, गोल सुधारले, आणि तरी ‘जर्मनी’चा रफार ‘म’च्या दांडीवरून मागे घसरलेला. अक्षरं झुकली होती, अँकर सरळच राहिले होते. अँकरलाही तोच हिशेब: उंची गुणिले ०.१६७. शिरोरेषेवर ७०० युनिटवर अँकर असेल तर तो ११७ युनिट उजवीकडे न्यायचा. उकाराचा अँकर पायाच्या ओळीखाली ५० वर असेल तर ८ युनिट डावीकडे. अक्षरातला अँकर आणि चिन्हातला अँकर, दोन्ही. एक हलवला आणि एक राहिला तर पूर्वीपेक्षा वाईट दिसतं.

वेलांटीचं एक वेगळंच. पहिल्या वेलांटीच्या मी चार रुंद्या केल्यात, अरुंद ‘र’पासून रुंद जोडाक्षरापर्यंत. झुकवल्यावर तिचं टोक पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातं. तिथे आधीच मात्रा किंवा रफार असला की टक्कर. ‘निर्मिती’ हा शब्द त्यासाठी मुद्दाम भिंतीवर लावून ठेवलाय.

उजवं डोकं कापलं जातं, ते

हे सगळ्यात सोपं, आणि मोबाइलवर बॅनर करणाऱ्या पोरांचा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. ‘परभणी’तल्या ‘णी’च्या वेलांटीचा उजवा कोपरा सरळ रेषेत कापलेला दिसतो. मजकुराची चौकट सरळ अक्षराच्या रुंदीवर मोजली जाते, झुकलेलं डोकं तिच्या बाहेर जातं, आणि ॲप बाहेरचं काढतच नाही. शेवटच्या अक्षरानंतर एक जागा सोडून बघा. ॲप ती शेवटची जागा खात असेल तर जागेनंतर एक पूर्णविराम द्या आणि त्याचा रंग पार्श्वभूमीचा ठेवा. वेबसाइटवर शीर्षकाच्या उजव्या बाजूला पाव एम (अक्षराच्या आकाराचा चौथा हिस्सा) पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, पुरतं.